पिंपळे सौदागरची मोजणी : एका गावाने विद्यापीठाला संशोधन कसे करावे हे शिकवले त्याची कथा

माण आणि हिंजवडीच्या आयटी संकुलांपासून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर पवनेच्या काठी पिंपळे सौदागर आहे. आज तिथे बहुमजली इमारती, मोठमोठी दुकाने आणि वाहनांची कोंडी दिसते. शंभर वर्षांपूर्वी याच गावाच्या शिवारात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील माणसे वही घेऊन फिरत होती. विहिरी किती, बैल किती, कोणाचा कोणता तुकडा कुठे, कोणावर किती कर्ज, हे ती लिहून घेत होती.

त्या नोंदींतून १९१७ साली एक इंग्रजी ग्रंथ तयार झाला : ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेतील हा पहिला क्रमांक. लेखक हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे इत्यादी. संशोधन पद्धती हा विषय आज पदव्युत्तर वर्गांत पाठ्यपुस्तकातून शिकवला जातो. तो विषय महाराष्ट्राच्या मातीत प्रत्यक्ष कसा घडला, हे पाहायचे तर या ग्रंथाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हॅरल्ड मॅन (१८७२–१९६१) अर्थशास्त्रज्ञ नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १९०० साली ते भारतात आले ते चहाच्या मळ्यांसाठी, इंडियन टी असोसिएशनचे वैज्ञानिक अधिकारी म्हणून. १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मातीतील क्षार मोजणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचे कर्ज मोजावेसे का वाटले, याचे उत्तर पुण्यात मिळत नाही. त्यासाठी यॉर्कला जावे लागते.

मॅन मूळचे यॉर्कचे. त्याच शहरात सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये घरोघर जाऊन कामगार कुटुंबांची पाहणी केली आणि १९०१ मध्ये दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यापूर्वी गरिबीबद्दल बोलणारे पुष्कळ होते. राउंट्रींनी आधी व्याख्या केली : कुटुंबाला शरीर धडधाकट ठेवण्यापुरते अन्न, कपडे व निवारा यांसाठी किमान इतका खर्च लागतो, मिळकत त्याखाली असेल तर ते कुटुंब दरिद्री. मग मोजणी केली. ‘गरीब’ हे विशेषण न राहता तपासता येणारे विधान झाले.

मॅन यांनी हीच पद्धत शहरातून खेड्यात नेली. इंग्लंडमधील बेडफर्डशर परगण्यातल्या रिजमाउंट या शेतकरी गावाची पाहणी करून त्यांनी १९०५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुण्यात आल्यावर शहरातील अस्पृश्य वस्त्यांवर त्यांनी लिहिले. तो लेख १९१२ मध्ये इंग्लंडच्या ‘सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’त आला. पिंपळे सौदागर हा या साखळीतला पुढचा दुवा होता. इथली नवी गोष्ट अशी की या वेळी मॅन एकटे नव्हते, महाविद्यालयातील मराठी सहकारी बरोबर होते. परदेशी प्राचार्याला गावकऱ्याने आपले कर्ज खरे सांगावे अशी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे ठरले असते. ग्रंथावर पहिले नाव मॅन यांचे आहे; पण मराठी बोलणाऱ्या सहकाऱ्यांवाचून ही पाहणी कशी झाली असती, याची कल्पना करणे कठीण.

आता निष्कर्षांकडे.

जमीन धारण करणाऱ्या प्रत्येक खातेदाराकडे सरासरी किती जमीन होती? १७७१ मध्ये, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या काळात, ४० एकर. पेशवाई बुडाली त्या १८१८ च्या सुमारास साडेसतरा एकर. १९१४-१५ मध्ये ७ एकर.

ती ७ एकर जमीनही सलग नव्हती. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान. ११२ तुकडे पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षाही लहान. दहा गुंठ्यांत बैलजोडी धड वळवताही येत नाही. ग्रंथाचा हिशेब असा की ८१ टक्के धारणक्षेत्रे अतिशय अनुकूल परिस्थितीतही मालकाचे पोट भरण्यास अपुरी होती.

याहून महत्त्वाची मोजणी कुटुंबांची. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या जोरावर सुस्थितीत होती. २८ कुटुंबे सुस्थितीत होती, पण बाहेरच्या मजुरी-नोकरीमुळे. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ काही केल्या बसत नव्हता. हे प्रमाण ६५ टक्के. जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी छावणी असल्याने ही बाहेरची कमाई शक्य होती. शेतकरी गाव म्हणून ओळखले जाणारे गाव कारखान्याच्या पगारावर तगून होते. औद्योगिक पट्टा हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आकडे असे धारदार असले की ते पाठ होतात आणि प्रश्न विचारणे थांबते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके तिथेच थांबायला हवे. १७७१ चे ४० एकर आणि १९१५ चे ७ एकर ही एकाच मापाने केलेली तुलना आहे का? पेशवाईतील नोंदीत एका मिरासदाराच्या नावावर भाऊबंदांचे एकत्र कुटुंब असू शकते. रयतवारीच्या कागदात वाटणी झालेला प्रत्येक भाऊ स्वतंत्र खातेदार. तेव्हा सरासरी घसरली यात जमीन दुर्मिळ झाल्याचा भाग किती आणि नोंदण्याची रीत बदलल्याचा भाग किती? शिवाय मालकीचा तुकडा आणि कसला जाणारा तुकडा एकच नसतो. शेजाऱ्याचा तुकडा खंडाने घेऊन कोणी सलग शेत कसतही असेल. घसरण खोटी आहे असे यातून मुळीच ठरत नाही. मात्र आकडा ज्या कागदातून आला तो कागद कोणी, कशासाठी लिहिला, हे विचारल्याशिवाय आकडा वाचता येत नाही. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ अस्सल कागदांचा आग्रह धरत होते, तोही याच कारणासाठी.

त्या काळीच एक वेगळा आक्षेप आला. पिंपळे सौदागर पुण्याच्या आणि खडकीच्या फार जवळ; त्यावरून दख्खनच्या खेड्याबद्दल काय सांगता येणार? आक्षेप रास्त होता. मॅन यांचे उत्तर संशोधकाला शोभणारे होते : त्यांनी वाद घालण्याऐवजी दुसरे गाव निवडले. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक शहरापासून दूर आणि पावसावर अवलंबून. कानिटकरांसह केलेला हा दुसरा अभ्यास १९२१ मध्ये आला. तिथे अडचणीतल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. म्हणजे पहिले गाव अपवादात्मक होते हे खरे, पण उलट्या दिशेने : शहराच्या सावलीमुळे ते बरे दिसत होते. आक्षेप घेणाऱ्यांना बहुधा हे अपेक्षित नसावे.

याच सुमारास मद्रासमध्ये गिल्बर्ट स्लेटर हे प्राध्यापक वेगळा मार्ग चोखाळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन सुटीत आपापल्या गावी पाठवले. त्यांचे निबंध १९१८ मध्ये ग्रंथरूपाने आले. स्लेटरांनी पुष्कळ गावे घेतली, मॅन यांनी एकच गाव खोलवर खणले. विस्तार की खोली, हा पेच आजही प्रबंधाचा आराखडा लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे असतो, आणि तो नियमाने सुटत नाही.

मराठीत काय चालले होते? १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील अनुभवातून लिहिलेल्या या ग्रंथात पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, फिरस्ते यांचे गाव आतून दिसते. त्यात मॅन यांच्यासारखे कुटुंबवार कोष्टक नाही. मॅन यांच्या ग्रंथात आत्रे यांच्यासारखा माणसांचा कान नाही. दोन्ही पुस्तके एकाच प्रदेशातली, जवळजवळ एकाच वर्षांतली. तरीही विद्यापीठाच्या ग्रंथमालेत इंग्रजी ग्रंथाला जागा मिळाली. ‘शैक्षणिक लेखन’ म्हणजे काय, याची व्याख्या तेव्हा भाषेपासूनच सुरू होत होती, आणि त्याची किंमत मराठी अभ्यासकांनी दीर्घकाळ मोजली.

निष्कर्ष कागदावर राहिले नाहीत. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात पिंपळे सौदागरच्या तुकड्यांचे आकडे उद्धृत केले. त्याआधी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात छोट्या धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले होते. १० ऑक्टोबर १९२७ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला. या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी आधीच केला होता. १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त त्यांचा भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील निबंध छापून आला होता. त्यांचा मुद्दा असा : शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, तर त्यावर लागणाऱ्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणावरून ठरते. भांडवलच तोकडे असेल तर तुकडे जोडून काय साधणार? खरे दुखणे जमिनीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार. त्यावर उपाय औद्योगिकीकरण.

इथे पद्धतीचा फरक स्पष्ट दिसतो. मॅन मोजून दाखवत होते की तुकडे लहान आहेत. आंबेडकर विचारत होते की ‘लहान’ या शब्दाचा अर्थ काय. दुसऱ्या प्रश्नावाचून पहिले उत्तर अपुरे होते.

ते विधेयक तडीस गेले नाही. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा मुंबई प्रांतात आला तो १९४७ मध्ये. जमीन विकत घेताना ‘प्रमाणभूत क्षेत्र’ हा शब्द ज्यांच्या कानावर पडतो, त्यांच्यापर्यंत या वादाचा धागा पोहोचतो. आणि औद्योगिकीकरण तर पिंपळे सौदागरच्या अगदी दारात आले : १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, मग वाहनांचे कारखाने, पुढे हिंजवडी आणि माण. दहा गुंठ्यांच्या ज्या तुकड्यांना १९१७ च्या कोष्टकात शेतीच्या नाशाचा पुरावा मानले होते, त्यांच्या मालकीवरून आज भाऊबंदांत दावे चालतात, कारण त्यांचा भाव आता पिकावर ठरत नाही.

पुण्यातील पाहणीची परंपरा पुढे १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने चालवली. धनंजयराव गाडगीळांच्या काळात वाई तालुक्यातील शेतीची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. मॅन तोवर इंग्लंडला परतले होते. १९२१ ते १९२७ मुंबई प्रांताचे शेती संचालक म्हणून काम केल्यावर ते वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर गेले आणि पुन्हा माती तपासू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर डॅनियल थॉर्नर यांनी त्यांचे विखुरलेले लेखन एकत्र करून १९६७ मध्ये मुंबईत छापले. पिंपळे सौदागरची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात त्या संग्रहापासून करता येते.