जुन्या पाइपाची पहिली दुरुस्ती

जुन्या बाजारांत मिळालेला विलायती तंबाखूचा पाइप प्रथमच दुरुस्त करावयास बसणारा मनुष्य बहुधा एकच इच्छा मनांत धरून बसतो, कीं तो नव्यासारखा दिसावा. आमच्या मतें ही इच्छाच त्या वस्तूची वैरीण आहे. हातीं येतो तो नुसता काळवंडलेला लांकडी तुकडा नव्हे. तो एक दस्तऐवज असतो, आणि दस्तऐवज वाचण्यापूर्वीं धुवावयाचा नसतो.

प्रथम वाटी पाहूं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत पाइप ओढण्याची चाल पडली, तेव्हां तो पांढऱ्या मातीचा असे. स्वस्त खरा, पण पडला कीं फुटला. साधें लांकूड घ्यावें तर तें जळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील जुरा डोंगरांतल्या सें-क्लोद गांवच्या कारागिरांनीं ब्रायर हातीं घेतलें आणि हा पेंच सुटला. जपमाळा, डब्या असलीं कातारी कामें करीत आलेले हे लोक. ब्रायर म्हणजे भूमध्यसमुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया नामक झुडपाच्या मुळाशीं वाढणारी गांठ. (फ्रेंच ‘ब्रुयेर’चें इंग्रजी तोंडीं ‘ब्रायर’ झालें, त्या नांवाच्या कांटेरी रानगुलाबाशीं तिचें कांहीं नातें नाहीं.) ही गांठ कित्येक तास उकळून, मग महिनोन्‌महिने वाळवितात, ती सहसा पेट घेत नाहीं.

वाटींत सांचणारा कोळशाचा थर लांकडाचें रक्षणच करतो. मात्र तो फार वाढला तर तापल्यावर वाटीला तडा जातो. म्हणून बोथट पात्यानें हळूहळू खरवडून तो पातळ नाण्याच्या जाडीइतका राखावा. आंतील भोंक मद्यार्कांत भिजविलेल्या कापसानें साफ करावें. येथवर वादाला जागा नाहीं.

तोंडांत धरावयाची काळी नळी निराळी गोष्ट सांगते. रबर गंधकाबरोबर तापविण्याच्या युक्तीचें अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरनें १८४४ सालीं घेतलें. गंधकाचें प्रमाण पुष्कळ वाढवून शिंगासारखा कठीण पदार्थ करण्याचें पेटंट त्याचा भाऊ नेल्सन यानें १८५१ त मिळविलें. हाच व्हल्कनाइट. ऊन व हवा लागून तो हिरवट-तपकिरी पडतो आणि जिभेला कडवट लागतो. तो थर बारीक काचकागदानें घासून काढावाच लागतो. दांतांचे खळगे मात्र आंच दाखविली असतां पुष्कळसे आपोआप भरून येतात. जे उरतील ते राहूं द्यावे. जुना धनी पाइप कोणत्या बाजूनें चावीत असे, हें दुसरें कोण सांगणार?

खरी कसोटी लागते ती चांदीच्या कड्यापाशीं. इंग्लंडांत चांदीची परीक्षा करून तीवर छाप मारण्याची पद्धति फार जुनी आहे. चालता सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी. जहाजाचा नांगर म्हणजे १७७३ त स्थापन झालेली बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा. तीन पेंढ्या व तलवार म्हणजे १९६२ त बंद पडलेली चेस्टरची. जोडीस एक अक्षर असतें, तें वर्षाचें. एवढा इतिहास भिंगाखालीं वाचतां येतो, आणि झिलईची पूड लावून चार दिवसांत पुसूनही टाकतां येतो. आपल्या देव्हाऱ्यांतील पितळी मूर्ति चिंचेनें घासतां घासतां नाकडोळे हरवून बसतात, तसेंच हें. लांकडावर दाबून उमटविलेलें कारखान्याचें नांवही काचकागदाखालीं असेंच जातें. छापांवर मऊ फडक्यापलीकडे कांहीं लावूं नये.

तथापि कड्यावरील वर्ष तें पाइपाचें वर्ष, असेंही धरून चालूं नये. लांकडी मान तडकली कीं तीवर कडें चढविण्याची रीत होती. कडें किंचित् वांकडें बसलेलें दिसलें, त्याच्या कांठाखालून केसासारखी रेघ निघालेली आढळली, तर तें तेथेंच असूं द्यावें. तो पाइप पूर्वींच एकदां कोणीतरी दुरुस्त केलेला असतो, आणि वर्षाचें तें अक्षर त्या दुरुस्तीचें असूं शकतें.