गर्भिणी व सूतिका यांचा योगाभ्यास

गर्भारपणात व प्रसूतीनंतर स्त्रीने घरी करावयाची सौम्य आसने, श्वसनाचे प्रकार आणि शिथिलीकरण यांच्या पद्धतशीर अभ्यासास ही संज्ञा लावतात. हा अभ्यास प्राचीन योगपरंपरेचाच एक भाग आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात आयुर्वेदातील गर्भिणीपरिचर्या, विसाव्या शतकात गृहस्थाश्रमी लोकांसाठी सुलभ केलेला हठयोग आणि यूरोपातील प्रसूतिपूर्व व्यायाम या तीन प्रवाहांच्या संगमातून तो आकारास आला.

प्राचीन विचार : पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे असून गर्भिणीचा उल्लेख नाही. हठप्रदीपिका (सु. पंधरावे शतक) व तिच्यानंतरची घेरंडसंहिता या ग्रंथांत अनुक्रमे १५ व ३२ आसने वर्णिली आहेत, पण त्यांतील साधक प्रामुख्याने पुरुष असल्यामुळे गर्भारपणाचा विचार तेथेही येत नाही. नाथमुनींच्या नावावर असलेल्या योगरहस्य या ग्रंथात गर्भिणीसाठी मार्गदर्शन आहे. तथापि तो तिरुमलै कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९) यांच्याकडून शिष्यांना प्राप्त झालेला असून त्याची रचना आधुनिक काळातील असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

याउलट आयुर्वेदात गर्भिणीच्या आचाराचा सविस्तर विचार आढळतो. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानांत तिचा महिनावार आहार सांगितला असून अतिश्रम, जागरण, भय व शोक वर्ज्य मानले आहेत. उकिडवे बसणेही तेथे निषिद्ध आहे. या संदर्भात ‘आसन’ शब्दाचा अर्थ योगातील आसन नसून बसण्याची रीत वा जागा एवढाच आहे. चरकसंहितेत प्रसूतिसमयाविषयीचा एक मतभेद नोंदविला आहे. वेणा सुरू झालेल्या स्त्रीने उखळात मुसळाने धान्य कांडावे, असे काहींचे मत होते. आत्रेयाने ते अमान्य केले. गर्भिणीने कठोर व्यायाम नेहमीच टाळावा आणि प्रसूतिकाळी तर विशेषेकरून टाळावा, असे त्याचे म्हणणे. मात्र जांभई देणे व फेऱ्या घालणे त्याने इष्ट मानले. वेणा नसताना जोर करू नये, असेही तेथे बजावले आहे. कठोर श्रम आणि सौम्य हालचाल यांत केलेला हा भेद पुढील साऱ्या विचाराच्या मुळाशी आहे.

सूतिकेच्या पोटाला तूप किंवा तेल लावून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीला तेल लावून शेकणे, तिचे पोट बांधणे आणि सव्वा महिना विश्रांती देणे या रूढी याच विचाराशी मिळत्याजुळत्या आहेत.

आधुनिक घडण : योगेंद्र (१८९७–१९८९) यांनी १९१८ मध्ये मुंबईत योग संस्था स्थापन करून योगाला गृहस्थांच्या घरात आणले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. नौली व उड्डियान या क्रियांमुळे उदरातील दाब बदलतो, हे त्यांनी दाखविले. पोटावर ताण आणणाऱ्या अशा क्रिया गर्भारपणात वगळण्याची प्रथा आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार स्त्रियांमध्येही केला.

याच काळात इंग्लंडमध्ये ग्रँट्ली डिक-रीड यांनी भीतीमुळे स्नायू ताणले जाऊन प्रसूतिवेदना वाढतात, असे प्रतिपादन केले (१९३३). फ्रान्समध्ये फेर्नां लामाझ यांनी १९५१ च्या सोव्हिएट रशियाच्या भेटीनंतर श्वसन व शिथिलीकरणावर आधारलेली पद्धती रुजविली. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टरांचे निरीक्षण विशेष उद्बोधक आहे. पडद्यात, सूर्यप्रकाशावाचून राहणाऱ्या स्त्रियांत हाडे मऊ पडून श्रोणी विकृत होते व प्रसूती अवघड होते, तर नावाड्यांच्या कष्टाळू स्त्रिया सहज बाळंत होतात, असे त्यांना दिसले. त्यांनी उकिडवे बसण्याचा पुरस्कार केला. प्राचीन वैद्यांनी निषिद्ध मानलेली बैठक अशा रीतीने उपकारक ठरविली गेली.

बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ मधील ग्रंथात बद्धकोनासन व उपविष्टकोनासन ही गर्भारपणात सर्वकाळ करण्याजोगी आसने सांगितली असून प्रसूतीनंतर पहिला महिना आसने वर्ज्य मानली आहेत. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी पुण्यात स्त्रियांच्या निरनिराळ्या अवस्थांना अनुसरून अभ्यासक्रम विकसित केला.

वैद्यकीय परीक्षण : अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये गर्भिणीच्या नाडीचे ठोके मिनिटास १४० हून अधिक होऊ नयेत, अशी मर्यादा घातली होती. ती पुढे सोडून देण्यात आली व २००२ मध्ये निरोगी गर्भिणीस रोज सु. ३० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस झाली. बंगळुरू येथील ३३५ स्त्रियांच्या अभ्यासात (२००५) योग करणाऱ्या गटात, चालण्याचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा, पुरेशा वजनाची बालके अधिक व अकाली प्रसूती कमी आढळल्या. मात्र गटांची विभागणी यदृच्छेने केलेली नव्हती. अमेरिकेत २०१५ मध्ये २५ निरोगी गर्भिणींकडून २६ आसने करवून घेतली असता गर्भाच्या हृदयगतीत दोष आढळला नाही. ही तपासणी शिक्षक व वैद्यकीय देखरेखीखाली झालेली असल्याने घरी एकटीने केलेल्या अभ्यासास तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

घरचा अभ्यास : करोना महासाथीच्या काळात (२०२० पासून) दूरस्थ वर्गांमुळे घरच्या अभ्यासाचा प्रसार वाढला. तेथे चूक दाखविणारा शिक्षक जवळ नसतो, म्हणून काय करावे याइतकेच काय वगळावे हेही महत्त्वाचे ठरते. उत्तरार्धात फार वेळ उताणे पडल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा दाब मोठ्या नीलेवर पडून घेरी येते. त्यामुळे शवासन कुशीवर करतात. तोल जाणारी आसने भिंतीच्या आधाराने करतात. पोट दाबणारी आसने, श्वास रोखणे आणि अतिउष्ण खोलीतील अभ्यास टाळतात. रक्तस्राव, खाली सरकलेली वार, वाढता रक्तदाब किंवा अकाली प्रसूतीचा धोका असल्यास वैद्यकीय परवानगीशिवाय अभ्यास करीत नाहीत. प्रसूतीनंतर प्रथम श्वसन व श्रोणितळाच्या स्नायूंचे आकुंचन करून पुढे हळूहळू आसनांकडे वळतात. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास हा काळ लांबतो.

या अभ्यासाची सुरक्षितता त्याच्या प्राचीनत्वावर अवलंबून नाही. उखळ-मुसळाच्या वादात व्यक्त झालेला विवेक, म्हणजे हालचाल हवी पण अतिश्रम नको, हाच त्याचा खरा प्राचीन वारसा होय.