श्री भराडीमातेची जत्रा : एका वाडीची वहिवाट

मालवण तालुक्यातील मसुरे गावात अनेक वाड्या आहेत. त्यांपैकी आंगणेवाडी ही एक. भरडावर, म्हणजे खडकाळ माळरानावर, देवी पाषाणरूपाने प्रकटली म्हणून तिला भराडी हे नाव पडले, असे जाणती मंडळी सांगतात. गाय त्या पाषाणावर पान्हा सोडीत असे, ही कथा तर मुलांनाही पाठ आहे. आंगणे घराण्यातील एक पूर्वज चिमाजी अप्पांच्या पदरी होते, अशीही परंपरा आहे. कागदाचा आधार शोधणाऱ्याने शोधावा. वाडीची श्रद्धा त्यावाचून अडलेली नाही.

या जत्रेला ठरलेली तिथी नाही. भातकापणी, मळणी आटोपून शेतकरी मोकळा झाला की मानकरी देवळात जमतात, देवीचा कौल घेतात. पूर्वापार रीत अशी की कौल मिळाल्यावर पारधीला जायचे आणि पारध साधल्यावरच पंचांग पाहून दिवस धरायचा. म्हणूनच २०२२ साली जत्रा २४ फेब्रुवारीला, २०२३ साली ४ फेब्रुवारीला, तर २०२४ साली २ मार्चला भरली. मुंबईच्या चाकरमान्याला रजेचा अर्ज देण्यासाठी देवीच्या हुकुमाची वाट पाहावी लागते, ती अशी!

दिवसभर ओट्या भरल्या जातात, नवस फेडले जातात, खाजे-मालवणी मिठाईची दुकाने गजबजतात. पण जत्रेचे खरे मर्म रात्री आहे. आंगणे मंडळींच्या घरोघरी सुवासिनी उपवास धरून, तोंडातून शब्द न काढता प्रसादाचे रांधप करतात. मग दर्शनाची रांग थांबते आणि ती अन्नाची ताटे डोक्यावर घेऊन त्या देवळाकडे निघतात. हजारोंच्या गर्दीत त्यांना वाट करून देण्यासाठी घरचे पुरुष भोवती कडे धरतात. इतक्या कोलाहलात ती मुकी रांग पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

पूर्वी मुंबईकर बोटीने मालवण बंदरात उतरत, पुढे एस.टी. आली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि गर्दी लाखांवर गेली. जत्रेसाठी जादा गाड्या सुटू लागल्या, पुढाऱ्यांचे फलकही वाढले. फलकांवाचून जत्रेचे काही अडले नसते, असो. मूळची ही एका घराण्याची पूजा, पण दार कोणाला बंद नव्हते.

ते एकदाच बंद करावे लागले. २०२१ साली साथीमुळे जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. दुकाने नव्हती, रांगा नव्हत्या. वाडीतील चुली मात्र त्या रात्रीही पेटल्या आणि ताटे देवीपुढे गेली.