अतिभार : पुणतांब्याच्या मालवाहतुकीची गोष्ट



पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भत्त-पाणाचा विच्छेद. लग्न होऊन पुणतांब्याला आले तेव्हापासून मी ते म्हणते आहे, म्हणजे चाळीस वर्षे होत आली. पण चौथ्या शब्दावर कधी थांबले नव्हते. मुक्या जनावरावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे लादू नये, एवढाच अर्थ मनात होता. आमच्याकडे बैल नाही, गाडी नाही, मग हा अतिचार माझ्याकडून व्हायचाच कसा? पाचव्याचेही तसेच. आश्रितांचे अन्नपाणी तोडू नये. आपण कोणाचे तोडतो?

2017 च्या जूनमध्ये आमच्या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि रस्त्यावर दूध ओतले गेले. तेव्हापासून हे दोन शब्द म्हणताना मी अडखळते. मग या गावातून माल कसा जात-येत होता आणि त्याचे ओझे कोणी वाहिले, ते वाचत आणि थोरांना विचारत गेले. बी.कॉम.ला असताना भाडे म्हणजे खर्चाच्या बाजूला लिहायचा एक आकडा होता. त्या आकड्याखाली किती पाठी वाकलेल्या आहेत, हे तेव्हा कोणी शिकवले नाही.

गोणी आणि बैल

पुणतांबा गोदावरीच्या काठी आहे. चांगदेवांची समाधी इथे आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट इथे आहे. चांगदेवांना भेटायला ज्ञानदेव भिंत चालवत गेले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण भिंत चालवायची किमया सगळ्यांना साधत नाही. बाकीच्यांचा माल बैलाच्या पाठीवरूनच गेला.

रेल्वेच्या आधी देशावर मोठी वाहतूक लमाण आणि वंजारी करत. बैलाच्या दोन्ही बाजूंना गोण्या, शेकडो बैलांचा तांडा, बरोबर बायकामुले. कोकणातून मीठ वर यायचे, देशावरून धान्य खाली जायचे. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या फौजेच्या धान्यासाठीही बंजाऱ्यांचेच बैल चालत होते. फौज कोणाचीही असो, पोट बैलाच्या पाठीवर.

व्यापारात आणखी एक माणूस होता, हुंडेकरी. माल अमुक गावी पोचवून देतो, वाटेतली जकात, नाक्यांचे पैसे सगळे माझे, तुम्ही मला ठरलेली एकच रक्कम द्या, असा त्याचा करार. आज मोठमोठ्या कंपन्या हेच काम करतात आणि त्याला लॉजिस्टिक्स म्हणतात. पैसा हुंडीने जायचा, माल हुंडेकऱ्याकडून जायचा.

आपल्यातली बरीच घराणी मारवाडातून नगर जिल्ह्यात आली ती याच काळात, रेल्वेच्या आधी. पुढचे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण लिहायला हवे. अमेरिकेत यादवी युद्ध झाले (1861 ते 1865), तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपले, भाव कोसळला, शेतसारा मात्र वाढला. शेतकरी कर्जात बुडाला आणि रोखे होते आपल्या लोकांच्या पेट्यांत. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात दंगा झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची घरे गाठली. त्यांना बहुतेक ठिकाणी माणसे मारायची नव्हती, खते-रोखे जाळायचे होते. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. सगळेच सावकार वाईट होते असे मी म्हणणार नाही. पण व्याजावर व्याज चढवणे हाही अतिभारच, आणि तो बैलावर नसतो एवढेच.

1878 ची गाडी

मुंबईहून निघालेल्या दोन रेल्वे होत्या. एक थळ घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळकडे जायची. दुसरी बोर घाट चढून पुणे, दौंड, सोलापूरकडे. दोन्ही फुटायच्या कल्याणला. म्हणजे सोलापूरचा माल भुसावळला पाठवायचा तर तो एका घाटाने खाली कल्याणला उतरवायचा आणि दुसऱ्या घाटाने पुन्हा वर चढवायचा. घाट म्हणजे जादा इंजिन, जादा वेळ, जादा भाडे. घाटमाथ्यावरच दौंड आणि मनमाड जोडले तर हा हेलपाटा वाचतो. म्हणून सुमारे 235 किलोमीटरचा दौंड-मनमाड मार्ग बांधला आणि 1878 मध्ये तो सुरू झाला. कोपरगाव आणि पुणतांबा यांच्या दरम्यान गोदावरी ओलांडून तो आमच्या गावाजवळून गेला.

हा मार्ग बांधला कोणी? 1876 साली पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. या मार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढले गेले. सरकारी कामांवर मजुरी इतकी खाली आणली की मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी चिल्लर. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची. 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी अशा मजुरीवर काम करायचे नाकारले आणि कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

मी हे वाचले तेव्हा चौथा आणि पाचवा अतिचार एकाच ठिकाणी दिसले. ओझे पुरे, अन्न अपुरे. आपण ज्या रुळांवरून माहेरी जातो, त्यांच्या खालची माती अशी पडली आहे.

गाडी आली आणि तांडे हळूहळू बसले. ज्यांच्या पिढ्या गोण्या वाहण्यात गेल्या, त्यांचा धंदाच गेला. बैलाच्या पाठीवरचे ओझे उतरले, पण माणसाचे पोटही हातचे गेले. वाहतूक सुधारली की कोणाचे तरी असे होतेच. तेवढेच नोंदवून पुढे जाते.

ऊस, मालधक्का आणि हमाल

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरीचे कालवे आले, 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण झाले. बाजरी-ज्वारीच्या मुलखात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, आमच्याकडे चांगदेव शुगर मिल्स, आणि 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना. ऊस तोडला की त्याच्यातली साखर तासातासाने उतरते, म्हणून तो लगेच गाळायला हवा. त्यामुळे गळिताच्या हंगामात रस्त्यावर रात्रंदिवस गाड्या. आजही बैलगाड्यांतून ऊस जातो आणि चढावर बैलाच्या तोंडाला फेस आलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे सरकारी नियम आहेत. दिवसात नऊ तासांच्या वर जुंपायचे नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचेच नाही. आपल्या शास्त्रात जे शतकानुशतके होते, ते सरकारने आकड्यांत लिहिले.

साखर निघाली की पोती मालधक्क्यावर. तिथे हमाल. साखरेचे पोते तेव्हा शंभर किलोचे असे. शंभर किलो एका माणसाच्या पाठीवर, आणि ते घेऊन फळीवरून वाघिणीत चढायचे. एका माणसाने 55 किलोच्या वर उचलू नये अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली केली. आपल्याकडे 1969 मध्ये माथाडी-हमालांचा कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. आता धान्याचे कट्टे पन्नास किलोचे आले, पण त्याला कितीतरी वर्षे लागली.

1 जून 2017

आता आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट. आमच्या गावच्या ग्रामसभेत ठरले की शेतकऱ्यांनीच संपावर जायचे. कर्जमाफी हवी, आणि उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के असा भाव हवा. 1 जूनपासून दूध, भाजी शहरात जाऊ द्यायची नाही. संप राज्यभर पसरला. टँकर अडवले, दूध रस्त्यावर ओतले, मुंबई-पुण्यात भाजी महागली. 3 जूनच्या पहाटे मुंबईत काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, ते अनेकांना पटले नाही आणि आंदोलन चालूच राहिले. 11 जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि 24 जूनला 34,022 कोटींची योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतच्या कर्जाला माफी.

खरे सांगते, दूध ओतताना पाहून मला राग आला होता. आपण सांडलेला दाणाही वेचणारी माणसे. वासराच्या तोंडचे दूध काढायचे आणि मातीत ओतायचे, हे कोणत्या धर्मात बसते? त्या दिवशी आमच्या शेजारच्या काकू, त्यांच्या दोन गाई आहेत, शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही दुकान आठ दिवस बंद ठेवलं तर माल तसाच राहतो. माझी गाय संपावर जात नाही. तिची धार दोन वेळा काढावीच लागते."

त्या एका वाक्यात सगळी मालवाहतूक आली. सकाळी गावच्या डेअरीत दूध जाते, फॅट पाहतात, थंड टाकीत चार अंशांवर ठेवतात, टँकर येतो, रात्री पिशव्या भरतात आणि पहाटे शहराच्या दारात. या साखळीत प्रत्येकाला थोडे थांबता येते, फक्त दूध काढणाऱ्याला नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव मागता येत नाही. संपाने पहिल्यांदाच त्या साखळीची कडी त्याने स्वतः धरली. नासाडीचे समर्थन मी आजही करणार नाही. पण पाचवा अतिचार म्हणताना मी आता विचारते, आधी कोणाचे अन्नपाणी तुटले होते?

भाडे कोणाच्या पदरातून

आडत दुकानाच्या हिशोबपट्टीत एकूण रकमेतून भाडे, हमाली, तोलाई वजा होते आणि उरते ते शेतकऱ्याचे. फळे-भाजीपाल्याची आडत 2016 मध्ये शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, हे चांगले झाले. पण बाकीचे ओझे राहिलेच. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. भाडे, हमाली, तोलाई मिळून 509 रुपये 50 पैसे वजा झाले आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक आला. आपण हिशोब लिहिणाऱ्या घरातल्या आहोत. या पट्टीत बेरीज-वजाबाकीची चूक एकही नाही. चूक दुसरीकडे आहे.

उपायही होत आहेत. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली आणि पुढे फळे-भाजीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली. सांगोल्याचे डाळिंब मनमाडला गेले ते आमच्याच दौंड-मनमाड मार्गाने. पुणतांब्याहून शिर्डीला रेल्वेचा फाटा 2009 मध्ये गेला, तेव्हापासून आम्ही जंक्शन. कोपरगावावरून समृद्धी महामार्ग जातो, नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, जून 2025 मध्ये तो पूर्ण झाला. रस्ते रुंद झाले. आपल्या साध्वीजी मात्र आजही विहार पायीच करतात, स्वतःचे पात्र आणि पुस्तके स्वतःच्या खांद्यावर घेऊन. उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेकडेने चालणारी ती पांढरी वस्त्रे पाहिली की वाटते, आपले ओझे दुसऱ्यावर न टाकता जगता येते, हे दाखवणारे कोणी तरी रस्त्यावर असायला हवे.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत ‘भाडीकम्मे’ आहे, म्हणजे जनावरे-वाहने भाड्याने लावून उपजीविका करणे. आज आपल्यातले कितीतरी जण वाहतुकीच्या धंद्यात आहेत. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपण सगळेच त्या मालावर जगतो. धंदा करताना ओझ्याकडे लक्ष ठेवा, एवढेच शास्त्र सांगते असे मी समजते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. आमच्याकडे बैल नाही, पण माळा आहे. वर्षाचा गहू भरायचा, तेव्हा शंभर किलोचे पोते वर चढवावे लागे. एके वर्षी येणाऱ्या हमालाने, तेव्हाच त्यांचे केस पिकले होते, विचारले, "बाई, दोन भाग करून नेऊ का?" दोन खेपा म्हणजे दुप्पट हमाली. मी नाही म्हटले. ते अर्ध्या जिन्यात थांबले, भिंतीला टेकले, आणि मग चढले. त्या दिवशी वाचलेल्या पैशांचा आकडा मला आठवत नाही. जिन्यातला तो थांबा आठवतो.

ते आता नाहीत, त्यामुळे त्यांची क्षमा मागता येत नाही. आमच्याकडे आता गहू पंचवीस किलोच्या कट्ट्यांत येतो आणि कोणी घाईने पार्सल घेऊन आला तर आधी पाणी विचारते. तुमच्या घरी माल कोण आणतो, किती उचलतो, त्याला किती मिळते, हे या पर्युषणात एकदा विचारून पाहा. मग ‘अतिभार’ हा शब्द म्हणा.

मिच्छा मि दुक्कडं.