विजेच्या तारा आणि गुरुऋण

आपल्याकडे बैठकीत गवई गुरूचे नाव घेतो, तेव्हा त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. ह्या कानात जे काही साठले आहे ते त्यांचे, आणि गळ्यातून जे उणे-अधिक निघेल ते माझे, असा त्या साध्या कृतीचा अर्थ. घराणे, गंडाबंधन, वर्षानुवर्षांची सेवा ह्या सगळ्यांचे सार त्या एका हालचालीत येते. परंतु जिथे घराणे नाही, गंडा नाही, आणि पुष्कळदा गुरूची व शिष्याची दृष्टभेटही नाही, अशा विद्येत ऋण मानावे तरी कोणी आणि कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आज आपल्याला एका अगदी परक्या मुलखात नेणार आहोत. तो मुलूख म्हणजे अमेरिकेतील आणि इंग्लंडातील इलेक्ट्रिक गिटारवादकांचा.

ह्या वाद्याविषयी आपल्यापैकी अनेकांची समजूत फारशी अनुकूल नाही. कानठळ्या बसवणारा आवाज, दिव्यांचे झगझगते झोत आणि वाद्याशी झटापट करणारा तरुण असेच चित्र डोळ्यांपुढे येते. तिथे नम्रतेला कोठून जागा असणार, असे आम्हांलाही वाटत असे. पण इतिहास नीट चाळू लागले म्हणजे आढळते की, ह्या वाद्याची सारी परंपराच एकाने दुसऱ्याचे ऐकून थक्क होण्यावर उभी आहे. ते थक्क होणे खरे होते ह्यात शंका नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

प्रथम वाद्याविषयी दोन शब्द. साधी गिटार ही नाजूक आवाजाची. कर्णे आणि नगारे असलेल्या वाद्यवृंदात तिचा स्वर बुडून जाई. 1930 नंतरच्या दशकात ह्यावर तोड निघाली. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले की, तार थरथरताच वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. तो वाढवून ध्वनिक्षेपकात सोडला म्हणजे झाले. गिब्सन कंपनीने 1936 साली अशी गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णीय तरुण 1939 साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि आजवर साथीला बसणारे हे वाद्य क्लॅरिनेटच्या बरोबरीने पुढे येऊन बोलू लागले. 1942 च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. तीन वर्षांहून कमी काळ त्याला मिळाला. पण मागे तबकड्या राहिल्या, आणि त्या तबकड्या पुढच्या पिढीच्या गुरू झाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रामोफोनच्या तबकडीपासून शिकणारा शिष्य हा एकलव्यासारखा असतो. गुरूच्या मूर्तीसमोर बसून तो विद्या मिळवतो आणि गुरूला त्याचा पत्ताही नसतो. तबकडी चूक दाखवत नाही, रागावत नाही आणि दक्षिणाही मागत नाही. दक्षिणा द्यायची की नाही, हे सर्वस्वी शिष्याच्या मनावर राहते.

ह्या शिकण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे बी. बी. किंग. 1925 साली मिसिसिपीत कापसाच्या मळ्यांच्या मुलखात हा जन्मला. त्याच्या आईकडून नात्यातला बुका व्हाइट हा नामांकित ब्लूज गायक-वादक होता. व्हाइट तारांवरून धातूची नळी फिरवून स्वर काढी. आपल्या विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो तसा. तो विव्हळणारा स्वर किंगच्या कानात बसला, पण ती नळी काही त्याच्या हातात बसेना. शेवटी त्याने नळीचा नाद सोडला आणि नुसत्या बोटाने तार दाबून ते बोट जागच्या जागी थरथरवायला सुरुवात केली. ज्या आंदोलनासाठी पुढे साऱ्या जगाने बी. बी. किंगला ओळखले, ते असे फसलेल्या अनुकरणातून जन्माला आले. तार आडवी ओढून स्वर चढवण्याची त्याची तऱ्हाही आपल्या सतारीच्या मिंडेला जवळची. टी-बोन वॉकरने सुट्या स्वरांत काढलेले बोल ऐकून आपल्याला इलेक्ट्रिक गिटारीची ओढ लागली, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. आपल्याला काय येत नाही हेही त्याने कधी लपवले नाही. अनेक स्वर एकत्र छेडून साथ करणे आपल्याला जमत नाही, असे जगद्विख्यात झाल्यावरही तो मोकळेपणाने म्हणे.

आता आपण इंग्लंडात जाऊ, कारण ह्या कथेतील सर्वांत नाट्यमय प्रसंग तिथे घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या इंग्रज मुलांच्या एका पिढीला शिकागो आणि मेंफिस येथील तबकड्यांचे वेड लागले. त्यांपैकी एरिक क्लॅप्टन हा 1965 च्या सुमारास लंडनमध्ये इतका गाजला की, ‘क्लॅप्टन हा देव आहे’ अशी अक्षरे शहरातल्या भिंतीवर रंगवली गेली. तेव्हा त्याने विशीच काय ती ओलांडली होती.

1966 च्या सप्टेंबरात जिमी हेंड्रिक्स हा अमेरिकन तरुण लंडनला आला. कृष्णवर्णीय, गरीब, आणि इतरांच्या साथीला वाजवून कसाबसा पोट भरणारा. डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची गिटार तो उलटी धरी. चास चँडलर नावाचा इंग्रज वादक त्याला घेऊन आला होता. लंडनला येण्यास रुकार देण्यापूर्वी हेंड्रिक्सने विचारलेल्या गोष्टींत एक ही होती की, तिथे क्लॅप्टनशी माझी ओळख करून दिली जाईल काय? म्हणजे तो आला तो कौतुक मनात घेऊन आला.

1 ऑक्टोबर रोजी रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निकमध्ये क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ ह्या त्रिकुटाचे वादन होते. चँडलरने विनंती केली की, ह्या पाहुण्याला एखादे गीत तुमच्यासोबत वाजवू द्या. परवानगी मिळाली. हेंड्रिक्सने ‘किलिंग फ्लोअर’ हे हाउलिन वुल्फचे गीत दुप्पट चढ्या लयीत सुरू केले, आणि थोड्याच वेळात क्लॅप्टनचे हात थांबले. तो रंगमंचावरून आत निघून गेला. चँडलर आत गेला तेव्हा क्लॅप्टन सिगारेट पेटवण्याची धडपड करीत होता आणि त्याचे हात कापत होते, असे चँडलर पुढे सांगत असे.

पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे. हेवा वाटणे स्वाभाविक होते आणि कदाचित तो वाटलाही असेल. परंतु क्लॅप्टनने त्या तरुणाची वाट अडवली नाही. दोघांची मैत्री झाली, आणि त्या रात्रीची हकीकत क्लॅप्टनने स्वतःच पुनःपुन्हा सांगितली. 1970 च्या सप्टेंबरात त्याने हेंड्रिक्सला भेट देण्यासाठी डाव्या हाताची एक गिटार विकत घेतली होती. भेट हुकली, आणि 18 तारखेला हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

पण ह्या प्रसंगाकडे केवळ दोन वीरांचे द्वंद्व म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. ज्या गीताने लंडनचा देव डळमळला, ते गीत शिकागोचे होते. 1964 च्या मूळ मुद्रणात हाउलिन वुल्फच्या पाठीशी ह्यूबर्ट सम्लिन आणि बडी गाय हे गिटारवादक होते. हेंड्रिक्सला ह्याची पुरती जाणीव होती. 1968 साली, म्हणजे स्वतः कीर्तीच्या शिखरावर असताना, न्यूयॉर्कच्या एका क्लबात बडी गायचे वादन ऐकायला तो ध्वनिमुद्रक यंत्र बरोबर घेऊन गेला आणि तुमचे वादन टिपून घेऊ का, असे त्याने विचारले. त्या रात्रीचे चित्रण उपलब्ध आहे. शिखरावरचा माणूस पुन्हा विद्यार्थ्याच्या जागी जाऊन बसतो, ह्याला आम्ही नम्रता म्हणतो.

येथवर सारे रमणीय आहे. आता दुसरी बाजू. ज्या काळात इंग्रज वादक ह्या गीतांवर श्रीमंत होत होते, त्या काळात मूळ कर्त्यांपैकी पुष्कळांना स्वतःच्या देशात गोऱ्या समाजाने नीट ओळखलेही नव्हते. विली डिक्सनने रचलेले आणि मडी वॉटर्सने 1962 साली मुद्रित केलेले एक गीत ‘लेड झेपलिन’ ह्या इंग्रज वाद्यवृंदाच्या 1969 मधील प्रसिद्ध गीतात नाव न घेता उतरले. डिक्सनला 1985 साली न्यायालयात जावे लागले, तेव्हा दोन वर्षांनी तडजोड झाली. महाभारतात अंगठा शिष्याचा गेला. येथे तो गुरूचाच गेला, असे म्हणावे लागते.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. क्रीमने 1966 साली स्किप जेम्स ह्या वृद्ध वादकाचे गीत त्याच्या नावानिशी मुद्रित केले, आणि त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या आजारपणाच्या काळात त्या तबकडीचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचले. 1965 साली अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निमंत्रण ‘रोलिंग स्टोन्स’ना आले, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह धरला, आणि तो धिप्पाड गायक गात असताना ही इंग्रज पोरे त्याच्या पायाशी बसून राहिली. 1970 साली वुल्फच्या लंडनमधील ध्वनिमुद्रणासाठी क्लॅप्टनला बोलावले, तेव्हा ह्यूबर्ट सम्लिन येणार असेल तरच मी येईन, अशी अट त्याने घातली. त्या तबकडीत एका ठिकाणी वादन थांबते, आणि ठोका कुठे पडतो हे म्हातारा वुल्फ ह्या जगप्रसिद्ध मुलांना समजावून देतो, तेही ऐकू येते. तो भाग कापून टाकता आला असता. तो ठेवला गेला, हे फार चांगले झाले.

अशा नाव घेण्याचा परिणाम किती खोल होतो हे बी. बी. किंगने अनुभवले. 1967 साली तो सॅन फ्रॅन्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गेला, तेव्हा दारातली लांब केसांच्या गोऱ्या मुलांची रांग पाहून आपण चुकीच्या जागी आलो की काय असे त्याला वाटले. मायकेल ब्लूमफील्डसारख्या तरुण गोऱ्या वादकांनी त्याचे नाव आधीच सर्वतोमुखी केले होते. नाव पुकारताच सारे सभागृह उभे राहिले, एकही स्वर वाजण्यापूर्वी. आणि एकेचाळीस वर्षांचा तो अनुभवी वादक रडू लागला.

तरीही आम्हांला एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्याचे हात 1966 साली कापले, ज्याने 1970 साली सम्लिनसाठी अट घातली, त्याच क्लॅप्टनने 1976 च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून, इंग्लंडात स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय व परदेशी लोकांविरुद्ध अत्यंत हीन उद्गार काढले. त्याच्या निषेधातून वर्णद्वेषविरोधी संगीत-चळवळ इंग्लंडात उभी राहिली. पुढे अनेक वर्षांनी, आपल्याला त्याची लाज वाटते, असे त्याने सांगितले. ह्यावरून इतकेच दिसते की, एखाद्याच्या स्वरावर जीव टाकणे आणि त्याच्या जातभाईला आपल्या शेजारी जागा देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. इंग्लंडकडे बोट दाखवताना आपणही जरा अंतर्मुख व्हावे. लावणीला दौलतजादा करणारे आणि लावणी गाणारीला उंबऱ्याबाहेर उभे करणारे हात आपल्याकडे एकाच माणसाचे असत.

ह्या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज वादक 1970 नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’मुळे वेगवान इलेक्ट्रिक गिटारवादनाचा आदर्श मानला जाऊ लागला होता. त्याच वेळी तो अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन ह्यांच्यापाशी वीणा शिकत होता. मग त्याने तो गडगडाट बाजूला ठेवला, तरफेच्या तारा बसवलेली साधी गिटार घेतली, आणि मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटम्‌वादक विक्कू विनायकराम ह्यांच्याबरोबर तो मांडी घालून बसला. ‘शक्ती’ ह्या नावाने त्यांची तबकडी 1976 साली निघाली. झाकीर हुसेन 2024 च्या डिसेंबरात निवर्तले, तोवर मॅक्लॉफ्लिनचा आणि त्यांचा सांगीतिक स्नेह टिकून होता. येथे कौतुक नुसते दुरून केलेले नाही. ज्याचे कौतुक त्याच्या शेजारी, त्याच सतरंजीवर, बरोबरीच्या नात्याने बसून ते केले आहे.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. जिथे घराणे नाही तिथे ऋण कोणी मानावे? आमच्या मते, ज्याच्या कानात स्वर राहिला त्याने. बी. बी. किंगने वॉकरचे नाव घेतले, हेंड्रिक्सने बडी गायसमोर यंत्र ठेवले, क्लॅप्टनने सम्लिनसाठी अट घातली; ही सगळी कानाच्या पाळीला हात लावण्याचीच रूपे होत. पण विली डिक्सनला न्यायालयात जावे लागले आणि बर्मिंगहॅममध्ये ते उद्गार निघाले, तेव्हा कान विसरला होता. गुरू समोर असला की हात सहज पाळीकडे जातो. तो दूर असतो, गरीब असतो, परक्या वर्णाचा असतो, तेव्हा तो हात जातो की नाही, आणि गेला तर नुसता कानापर्यंत जातो की खिशापर्यंतही जातो, येथे कलावंताची परीक्षा होते. आपल्या घरातही आज गाणे यंत्रातूनच येते, आणि गाणाऱ्याचा चेहरा बहुधा दिसत नाही. ते ऐकून झाल्यावर, हे कोणाचे, एवढे एकदा विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर आजच्या ह्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.