कपाळावरचे टेंगूळ

आमचे रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी आहे. खानदेशातून वऱ्हाडात शिरणारी सैन्ये याच वाटेने येत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाशी लढताना जमालखान इथेच पडला. गावचा इतिहास विचारला की लोक ही लढाई सांगतात. मला मात्र आधी आठवते ते आत्याच्या कपाळावरचे टेंगूळ.

ते सुपारीएवढे होते आणि दगडासारखे घट्ट. दुखत नसे. तरी आत्या पदर भुवईपर्यंत ओढून वावरे. ‘गाठ’ हा शब्द घरात कोणी उच्चारीत नसे. मलकापूरला गाडीत बसून मुंबईच्या डॉक्टरांना दाखवावे, असे वडील एकदा म्हणाले. “कवटी फोडून घ्याले जाऊ काय, दादा?” एवढेच ती बोलली.

ही भीती उगीच नव्हती. फक्त ती शंभर वर्षे जुनी होती. हाडाची जादा वाढ आपल्या वैद्यांना ठाऊक होती. चरकाने अस्थीच्या विकारांत ‘अध्यस्थि’ नोंदले, सुश्रुतसंहितेत कानाच्या अठ्ठावीस रोगांमध्ये ‘कर्णार्बुद’ आहे. पण रोगी जागा असताना हाडावर छिन्नी चालवायची, म्हणजे काय होत असेल! १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल सिद्ध झाली. १८६७ मध्ये लिस्टरने जखम कुजू न देण्याची रीत मांडली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि न कापताही हाड दिसू लागले. कवटीच्या हाडाला दोन पत्रे असतात, मधे जाळीदार भाग. असली निरुपद्रवी गाठ बहुधा बाहेरच्या पत्र्यावर वाढते. केसांत चीर देऊन तेवढीच तासता येते. मेंदूपर्यंत जावेच लागत नाही.

कानाचे काम याहून नाजूक. जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी, पुढे जबड्याचा सांधा, मागे चेहरा हलवणारी नस, तळाशी पडदा. थंड पाण्यात वर्षानुवर्षे बुड्या मारणाऱ्यांच्या दोन्ही कानांत हाडाचे पसरट उंचवटे येतात. २०१९ च्या एका अभ्यासात तेवीस निअँडरथल मानवांपैकी सुमारे निम्म्यांच्या कानांत ते आढळले. दुसरा प्रकार देठाच्या एकट्या गाठीचा. साठी उलटल्यावर ती माझ्याच उजव्या कानात निघाली. आंघोळीचे पाणी आत अडके, ऐकू कमी येई.

पूर्वीच्या छिन्नी-हातोडीची जागा आता बारीक फिरत्या यंत्राने आणि सूक्ष्मदर्शकाने घेतली आहे. डॉक्टरांनी आधी हाडावरची कातडी अलगद उचलून बाजूला जपली, मग देठाशी हाड कोरून गाठ काढली. पुढे टाके पाहायला गेलो तेव्हा मी विचारले, “माझ्या आत्याचे तुम्ही काय केले असते?”

ते म्हणाले, “दुखत नव्हते, वाढत नव्हते, तर बहुधा काहीच नाही. क्ष-किरणांनी तपासून ‘निर्धास्त राहा’ एवढे सांगितले असते.”

कापण्याची विद्या इतकी वाढली, तिचे हेही एक फळ, की कुठे कापायचे नाही ते ठामपणे सांगता येते. आत्याला ते सांगणारे कोणी भेटले नाही. पंचाहत्तराव्या वर्षी ती साध्या तापाने गेली. बायकांनी शेवटचे लुगडे नेसवले, आणि कोणी न सांगता पदर भुवईपर्यंत ओढून घेतला.