क्लोन आणि ‘मी कोण?’ : कुमारांच्या विज्ञानकथा

क्लोन म्हणजे एका जीवाच्या पेशीपासून घडवलेला, तीच जनुके असलेला दुसरा जीव. स्कॉटलंडमध्ये १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या बहारीनजवळ, दुबईत, ८ एप्रिल २००९ रोजी ‘इंजाझ’ ही जगातली पहिली क्लोन उंटीण जन्मली. जिच्या पेशी वापरल्या ती उंटीण २००५ मध्येच मेली होती.

माणसाचा क्लोन मात्र अजून कथांतच भेटतो. नॅन्सी फार्मर यांच्या ‘द हाऊस ऑफ द स्कॉर्पियन’ (२००२) या कादंबरीतला मॅट हा एका अतिवृद्ध अफूसम्राटाचा क्लोन. म्हाताऱ्याला अवयव मिळावेत म्हणून त्याचा जन्म! घरातले त्याला जनावर समजतात. स्वयंपाकीण सेलिया त्याला मुलासारखे वाढवते. मग मॅट कोण? या पुस्तकाला २००२ चा अमेरिकेचा ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाला. बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना ते जरूर द्यावे.

मराठीत याच्या जवळ जाणारी कथा म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’. त्यात एका क्रिकेटपटूचे शरीर आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे होते.

एकसारखी दिसणारी जुळी भावंडे हे तर निसर्गाचेच क्लोन. तरीही त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात, स्वभावही. माणूस घडतो तो जनुकांबरोबरच जगण्यातून. मनामेत वाढणारी आपली मुले आपल्या बालपणाची नक्कल कशी होतील? मुलांबरोबर पालकांनीही ही पुस्तके वाचावीत, ती यासाठीच.